कोरी जागा कोणी भरली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला एआय एजंटांवरचा लेख मी कंपनीच्या बसमध्ये वाचला. बोरीचा पूल यायच्या आत वाचून झाला आणि तिथून वेर्ण्याच्या कारखान्यापर्यंत मी लेखकाशी मनातल्या मनात भांडत राहिले. मॅन्युअल, कार्यपद्धती, फॉर्म असले कंटाळवाणे तांत्रिक लेखन आता एजंट करतील आणि माणसे मोकळी होतील, असे त्यांनी एका ओळीत उरकून टाकले आहे. ते कंटाळवाणे लेखन करणारी बाई मी. बावीस वर्षे तेच करते आहे आणि गेले वर्षभर ते एजंटकडून करूनही घेते आहे. म्हणून हे पत्र. लांबले आहे हे मला कळते. कात्री लावायची तर कुठेही लावा, फक्त ड्रायरच्या प्रसंगाला लावू नका.

आधी माझे काम काय ते सांगते, कारण इथे गोव्यात, माशेलला आमच्या वाड्यावरसुद्धा ते कोणाला नीट ठाऊक नाही. 'ती औषधांच्या कंपनीत काहीतरी लिहिते' एवढेच. एका काकूंनी तर एकदा देवळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे कविता मागितली होती. मी लिहिते ते असे: गोळ्या दाबायच्या मशीनचे पंच कसे धुवायचे, कुठल्या पाण्याने धुवायचे, कोरडे झाले हे कसे बघायचे, बघितल्याची नोंद कुठे करायची आणि त्या नोंदीखाली सही कोणी करायची. अशा लेखी कार्यपद्धतीला आम्ही एसओपी म्हणतो. हात कसे धुवायचे याचीही एसओपी असते, आणि एसओपी कशी लिहायची याचीही असते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवतात: लिहिले नाही, म्हणजे केले नाही. प्रत्येक कागदावर तीन सह्या. तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा. मशीनजवळ लावायच्या प्रतीवर 'कंट्रोल्ड कॉपी'चा शिक्का. नवी आवृत्ती निघाली की जुन्या प्रती मोजून परत घ्यायच्या आणि त्यांच्यावर 'ऑब्सोलीट' मारायचे. एक प्रत कमी भरली तर ती सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही.

यात डोके कमी आणि हमाली जास्त, हे कबूल. दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक एसओपी उघडून तपासावी लागते. एखाद्या विभागाचे नाव बदलले की ते जिथे जिथे आले असेल तिथे बदलायचे. कंपनीचे बोधचिन्ह बदलले की सगळ्या कागदांचे मथळे बदलायचे. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी काम कसे करावे याचे नवे नियम, अधिसूचित केले. तेव्हापासून माझ्या टेबलाचा लाकडी भाग मला दिसलेला नाही.

पूर्वी आम्ही हे कसे करत होतो ते आठवले की अजून हसू येते. आमच्या इंग्रजी एसओपींत एकदा 'स्टोअर्स'चे 'वेअरहाउस' करायचे होते. नव्या मुलीने उत्साहाने फाइंड-रिप्लेस मारले आणि जेवायला गेली. बॅकअपच्या एसओपीत 'रिस्टोअर्स' असा शब्द होता, त्याचे 'रिवेअरहाउस' झाले. तो कागद तीन सह्यांनिशी मंजूर होऊन दीड वर्ष कपाटात होता. सांगायचा मुद्दा हा, की चुका करायला आम्हाला एजंटची गरज कधीच नव्हती.

आता एजंटचे. चॅटबॉट विचारलेल्याला उत्तर देतो आणि थांबतो. एजंट म्हणजे चॅटबॉटच्या मागे असते त्याच भाषा-मॉडेलला हातपाय फुटलेले. त्याला फोल्डर दाखवायचे आणि काम सांगायचे. तो फाइल उघडतो, वाचतो, बदलतो, परत वाचून बघतो, चुकले असे वाटले तर पुन्हा करतो आणि काम संपेपर्यंत हे चक्र सोडत नाही. आमच्याकडे तो कंपनीच्या स्वतःच्या कुंपणाच्या आत बसवला आहे. औषधाची कृती बाहेरच्या चॅटबॉटला दाखवणे म्हणजे घरी बसायची तयारी करणे.

पहिले काम त्याला दिले ते ३४० एसओपींचे. नवा साचा, विभागांची नवी नावे, आणि एका एसओपीतून दुसरीचा हवाला दिलेला असेल तर तो क्रमांक बरोबर आहे का ते बघणे. याच्या आधी असेच काम दोन मुली आणि मी मिळून चार महिने करत होतो. एजंटने ते तीन रात्रींत केले.

आणि केले ते नुसते भराभर नव्हे. तीन कागद अशा एसओपीचा हवाला देत होते जी २०१७ मध्येच रद्द झाली होती. ते त्याने पकडले. पाण्याच्या पाइपलाइनच्या एका कागदात लिहिले होते, 'तपशील अमुक क्रमांकात पाहा', आणि त्या अमुक क्रमांकात लिहिले होते की तपशील पहिल्या कागदात पाहा. तपशील दोन्हींत नाही. इतकी वर्षे तो ऑपरेटरांच्या डोक्यात होता आणि काम बिनबोभाट चालले होते. हवेच्या दाबाचे आकडे काही ठिकाणी बारमध्ये, काही ठिकाणी किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. एक बार म्हणजे सुमारे १.०२ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. फरक इतका थोडा की कोणाला खुपत नाही, आणि खुपत नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. अशी एकोणीस ठिकाणे त्याने यादी करून दिली. मी हरखून गेले, खोटे कशाला बोलू? त्या वर्षी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मी पहिल्यांदा ओव्हरटाइम केला नाही. घरी नेवऱ्या स्वतःच्या हाताने केल्या.

आता ड्रायर.

गोळ्यांचा ओला माल वाळवायला आमच्याकडे फ्लुइड बेड ड्रायर आहे. खालून गरम हवा येते आणि दाणे त्या हवेत तरंगत वाळतात. ती हवा किती गरम ठेवायची हे मालावर ठरते. एखाद्या मालाला ६० अंश चालतात, एखादा त्याच्या बराच आधी खराब होतो. म्हणून त्या मशीनच्या एसओपीला जोडलेल्या फॉर्मवर 'इनलेट तापमान' या शब्दांपुढे एक कोरी रेघ आहे. ऑपरेटरने त्या दिवशीच्या बॅचचा रेकॉर्ड बघायचा, त्यात दिलेले तापमान मशीनवर लावायचे आणि जे लावले ते पेनने त्या रेघेवर लिहायचे. शेजारच्या खोलीतल्या ट्रे ड्रायरच्या फॉर्मवर मात्र ६० हा आकडा छापलेलाच आहे, कारण त्यावर वर्षानुवर्षे एकाच मालाचे काम चालते.

नव्या आवृत्त्या लागू व्हायच्या आधी कामगारांना त्यांचे प्रशिक्षण द्यावे लागते. ते मी देते. त्या दिवशी कँटीनच्या वरच्या खोलीत बारा-तेरा जण होते. मी फॉर्म वाटले आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत ड्रायरवरचे ऑपरेटर, आम्हा सगळ्यांचे मामा, बसले होते. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून येतात, निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत, चष्मा कपाळावर ठेवून कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. त्यांनी कागद बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाले, "मॅडम, हो आंकडो कोणें घातला? हांगा हांव बरयतां न्हय?" म्हणजे, हा आकडा कोणी घातला, इथे मी लिहितो ना?

मी कागद हातात घेतला. रेघ नव्हती. तिथे व्यवस्थित, सुबक, बाकीच्या अक्षरांच्याच टाइपात ६० छापलेले होते. खाली तीन सह्या. तपासणारा या रकान्यात माझी.

कोणाला काही झाले नाही, माल बिघडला नाही, फॉर्म त्याच दुपारी परत घेतले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी संगणकातला इतिहास काढला. आमच्याकडे कुठल्या फाइलमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची आपोआप नोंद होते. अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांना हे १९९७ पासूनच्या तिथल्या नियमाने बंधनकारक आहे. त्या नोंदीत रेघेच्या जागी ६० घातल्याची वेळ होती रात्री २ वाजून ४० मिनिटे. आणि बदल करणाऱ्याचे नाव माझे. एजंट माझ्या लॉगिनवर चालत होता ना! रात्री पावणेतीनला मी म्हणे वेर्ण्याला ड्रायरचा फॉर्म सुधारत होते. त्या वेळी मी माशेलला घोरत होते, साक्षीला नवरा आहे.

त्याने असे का केले? आयटीतल्या मुलाने मला समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. हे मॉडेल पुढे काय येण्याचा संभव जास्त आहे त्या अंदाजावर शब्द जुळवत जाते. शेजारच्या सगळ्या फॉर्मवर त्या जागी आकडा असेल तर इथेही आकडा असावा, हा त्याच्या लेखी सरळ अंदाज. कोरी रेघ त्याला अपुरे राहिलेले काम वाटली. आणि मी त्याला दिलेल्या सूचनेत एक वाक्य होते: 'कागदांत विसंगती दिसली तर दुरुस्त कर'. त्याने आज्ञा पाळली. ती रेघ मामांच्या पेनासाठी राखलेली आहे हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेले नव्हते. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नव्हते. लिहिले नाही म्हणजे केले नाही, हे इतरांना शिकवणारी मी!

नोंदींच्या बाबतीत आमच्या धंद्यात पाच कसोट्या पाठ करून घेतात. नोंद कोणाची ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे, अचूक असली पाहिजे. छापलेल्या ६० ने एका फटक्यात तीन तरी मोडल्या. काम व्हायच्या आधीच नोंद तयार, आणि ती कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाही.

पण मला जास्त टोचते ते दुसरेच. तो कागद माझ्या डोळ्यांखालून गेला होता. कसा गेला? पहिले नव्वद कागद मी शब्द न् शब्द वाचले आणि त्यांत एकही खोट निघाली नाही. एक्याण्णवाव्यापासून माझे डोळे कागदावरून नुसते फिरायला लागले. यंत्र इतके बरोबर असते की माणूस बघायचे सोडून देतो. पूर्वी मुलीने टाइप केलेला कागद मी संशयाने वाचायचे, कारण ती दमलेली असायची, तिच्या चुका दमलेल्या माणसासारख्या असायच्या. एखादी ओळ गळायची, एखादे शून्य जास्त पडायचे. एजंटची चूक नीटनेटकी असते, इस्त्री करून आलेली. ती शोधायला आमचे डोळे तयारच नाहीत.

आणि दुसरे कारण वेळ. एजंट यायच्या आधी एक एसओपी तपासायला मला वीस-पंचवीस मिनिटे धरलेली असत. एजंट आला आणि वरून हिशेब आला: लिहायचा वेळ वाचला, मग तपासायचाही वाचायला हवा. एका दिवसात साठ कागद. साठ कागदांवर सही करता येते, साठ कागद वाचता येत नाहीत. हा हिशेब करणाऱ्यांना मी दोष देत नाही असे म्हणणार होते, पण देते. ज्या कामात चूक होण्याची जात बदलली आहे त्या कामाचा तपासणीचा वेळ कमी कसा होतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

साहेबांनी यावर तोडगा काढला तो असा, की तपासायलाही दुसरा एजंट लावू. लावला. मी मुद्दाम त्याला तोच ड्रायरचा फॉर्म दिला. त्याने शेरा दिला की तापमानाचा आकडा संबंधित कागदांशी सुसंगत आहे. अहो, सुसंगत आहे हीच तर तक्रार! दोघेही एकाच फोल्डरमध्ये बघणार, दोघांनाही मशीनजवळ जाता येत नाही. मामांनी तो आकडा पकडला तो कागद कागदाशी ताडून नव्हे. त्यांचा हात रोज त्या रेघेवर जातो.

याचा अर्थ आम्ही एजंट बंद केला असे नाही. त्याच्याशी वागायची रीत बदलली, आणि ती सांगते, कारण कुंडई, पिळर्ण, वेर्णे इथल्या कारखान्यांत माझ्यासारखे काम करणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ज्या कामाचे उत्तर ठरलेले आहे, म्हणजे हे नाव काढ आणि ते घाल, हा मथळा काढ आणि तो लाव, ते एजंटने स्वतः फाइल उघडून करायचेच नाही. त्याने त्यासाठी एक लहानसा प्रोग्राम लिहून द्यायचा. तो आमचा आयटीवाला आणि मी वाचतो, दहा कागदांवर चालवून बघतो, मग ३४० वर चालवतो. प्रोग्राम दहाव्या कागदावर जे करतो तेच तीनशेव्यावर करतो, त्याला मध्येच काही सुचत नाही. एजंटला तीच सूचना दोनदा दिली तर दोन वेळा थोडे वेगळे करून ठेवतो. मूळ फाइलींना तो हात लावू शकत नाही, फक्त वाचू शकतो, बदल प्रतींवर. आणि काम झाले की पूर्ण कागद मी वाचत नाही, जुन्या-नव्यातला फरक तेवढा वाचते. काढलेले तांबड्यात, घातलेले हिरव्यात. विभागाचे नाव बदलायचे काम असेल आणि फरकांच्या यादीत एखादा आकडा दिसला, तर तो कागद तिथेच थांबतो. ड्रायरच्या वेळी मी असा फरक काढला असता तर ६० माझ्याकडे ओरडत आला असता. वर्डमध्ये दोन कागद ताडून बघायची सोय कित्येक वर्षे आहे. वापरली नाही, ही माझी चूक.

फरकांच्या या याद्या आता मी प्रत्येक आवृत्तीसोबत जपून ठेवते. साहेब म्हणतात कशाला एवढा कागद. पणजीला चर्चसमोरच्या बागेत जाऊन बसावे कधीतरी. त्या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात सुरू झाला आणि सातच वर्षांनी, १५६३ मध्ये, या वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. छपाईच्या चुकांनी तो इतका भरलेला होता की शेवटी पानेच्या पाने शुद्धिपत्र जोडावे लागले. पण जोडले! औषधांविषयी लिहिणाऱ्या गोव्यातल्या माणसाने आपल्या चुकांची यादी छापून वाचकाच्या हातात दिली, हे मला त्या बागेतल्या बाकावर बसून फार आवडते.

आणखी एक बदल मी भांडून करून घेतला. एजंटचे आता स्वतःचे लॉगिन आहे. नोंदीत त्याचे नाव त्याच्याखाली आणि माझे माझ्याखाली. ऐकायला किरकोळ वाटेल, पण तपासनीस आला आणि त्याने विचारले, रात्री २.४० ला हे कोणी बदलले, तर मला खरे उत्तर देता आले पाहिजे. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये औषध उत्पादनातल्या एआयविषयी एका परिशिष्टाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी जाहीर केला. रुग्णाची सुरक्षितता, मालाची गुणवत्ता किंवा नोंदींची सचोटी यांच्यावर थेट परिणाम होतो अशा कामांत ही भाषा-मॉडेले वापरू नयेत, आणि बाकीच्या कामांत वापरली तर निकाल योग्य असल्याची जबाबदारी शिकलेल्या माणसावरच राहील, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा तो मसुदाच होता. पण युरोपला माल पाठवणाऱ्या इथल्या कंपन्यांनी तो वाचून ठेवावा. तपासणारा या रकान्यातल्या माणसाला वाचायला वेळ दिला नाही तर ती सही नुसती शाई आहे, आणि जबाबदारीची वेळ आली की त्याच शाईकडे बोट दाखवतात.

नव्या मुलींचे काय, हा प्रश्न लेखकाने घेतलेला नाही. बीफार्म किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी होऊन येतात. पूर्वी त्यांना पहिले सहा महिने जुन्या एसओपी नव्या साच्यात टाइप करायला देत असू. मुली कंटाळत, मला मागून नावे ठेवत, पण सहा महिन्यांनी त्यांना कुठल्या मशीनला काय लागते ते तोंडपाठ झालेले असे. लहानपणी आई मला चतुर्थीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांची, यादी दर वर्षी नव्याने लिहायला लावायची. जुनी असताना नवी कशाला, म्हणून मी चिडायचे. कांगलां, कवंडळ, सुपारीची कातर... त्या यादीनेच मला रानातली फळे ओळखायला शिकवले. माझी मुलगी आता त्या यादीचा फोटो काढून बाजारात जाते आणि कवंडळापुढे उभी राहून मला फोन करते. यंदा आलेल्या दोन मुलींना मी टायपिंग दिले नाही, ते एजंट करतो. त्याऐवजी रोज एक एसओपी हातात घेऊन खाली मशीनवर जायचे आणि कागदात लिहिलेले आणि प्रत्यक्ष घडते त्यात काय फरक आहे ते लिहून आणायचे. वाचलेले तास मी इथे लावले आहेत. वरून अजून विचारणा झालेली नाही, झाली की बघू.

तास आणखी एका ठिकाणी लावते आहे. आमच्या सगळ्या एसओपी इंग्रजीत. मशीनवरची माणसे मराठी-कोकणी वाचणारी, काही कन्नड, काही हिंदी. प्रशिक्षणात मी तोंडी सांगते आणि ते मान हलवतात. मशीनजवळ लावायला निदान सुरक्षेच्या सूचना तरी त्यांच्या भाषेत हव्यात हे मी दहा वर्षे म्हणत होते आणि वेळ नाही हे उत्तर दहा वर्षे ऐकत होते. आता वेळ आहे. एजंटला सांगितले, ड्रायर साफ करायच्या आधीच्या सूचना मराठीत कर. त्याने क्षणात दिले: 'यंत्रसंचाची स्वच्छता आरंभ करण्यापूर्वी विद्युत पुरवठा खंडित करण्यात आला असल्याची खातरजमा करावी.' व्याकरणाची एक चूक नाही. सरकारी राजपत्रात शोभेल.

मी ते छापून मामांकडे नेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले आणि विचारले, "मॅडम, हें कोणाखातीर बरयलां?"

मग आम्ही दोघे ड्रायरजवळ उभे राहिलो. मी म्हटले, तुम्ही नव्या पोराला कसे सांगाल ते सांगा. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ते कोकणीत बोलले, मी मराठीत उतरवले, आणि कोकणीतली वेगळी प्रतही करायची ठरवली आहे. मराठीत झाले ते असे: 'मेन स्विच बंद करा. त्याला आपले कुलूप लावा. चावी आपल्या खिशात ठेवा, दुसऱ्याकडे देऊ नका. मग मशीनचे चालू बटण दाबून बघा. मशीन चालू होता कामा नये. मगच हात घाला.'

चावी खिशात ठेवायचे एजंटच्या मसुद्यात नव्हते. माझ्या मूळ इंग्रजी एसओपीतही नव्हते. बावीस वर्षांत मला ते सुचले नाही, कारण त्या मशीनमध्ये मी कधी हात घातलेला नाही.

तो कागद मी मंजुरीला पाठवला. 'तयार करणारा' या रकान्यात मामांची सही आहे, तपासणारा म्हणून माझी. गेल्या आठवड्यात तो परत आला. आशयावर हरकत नाही. ऑपरेटर दर्जाच्या माणसाला 'तयार करणारा' म्हणून दाखवता येते का, हे एसओपी कशी लिहावी याच्या एसओपीत स्पष्ट नाही, असा शेरा आहे. ती एसओपी मीच लिहिलेली आहे. सोमवारपासून तिच्या सुधारणेला बसते आहे, आणि ती एजंटकडे देणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक, माशेल
(नोकरीच्या कारणाने नाव छापू नये, ही विनंती.)